नामावलीवर गाणारी थोरा

सिनेमाच्या सुरुवातीला जी नावं येतात ना, ती कुणी वाचत नाही. लोक तेव्हा टोप्या काढत असतात, लाह्या चिवडत असतात, नाहीतर 'सरका जरा' म्हणत दुसऱ्यांच्या गुडघ्यांतून वाट काढत असतात. ती नावं मी काचेवर रंगवायचो, अमेरिकेतल्या सिनेमावाल्या कल्व्हर सिटीत, स्टुडिओच्या मागच्या शेडमध्ये. आणि त्या नावांवर जे गाणं वाजायचं, त्याच्या कोरसात आमची थोरा एंगेब्रेट्सन असायची. म्हणजे मी न वाचल्या जाणाऱ्या नावांचा कारागीर, आणि ती न ऐकल्या जाणाऱ्या गाण्याची गायिका. छान जोडी होती.

थोरा माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. उंच, हाडापेराने मोठी, मिनेसोटातल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याची मुलगी. कॉफी उकळताना त्यात अख्खं अंडं फोडून घालायची आणि मी नाक मुरडलं की म्हणायची, "पिऊन बघ आधी, मग तोंड वाकडं कर." प्यायचो. उत्तम असायची.

तिला एकच माणूस हवं होतं ऐकायला, तिची थोरली बहीण सोल्वेग. दोघी लहानपणापासून गावच्या चर्चमध्ये खांद्याला खांदा लावून गायल्या. पण त्यांच्या चर्चला सिनेमा म्हणजे सैतानाचं दुकान. थोरा इकडे निघाली तेव्हा सोल्वेगने एवढंच विचारलं, "तिकडे कुणासाठी गाणार आहेस?" त्यानंतर बहीण नाताळला फोनवर बोलायची ती हवेबद्दल आणि गाईंबद्दल. गाण्याचा विषय नाही.

मग एका सिनेमाचं सुरुवातीचं गाणं थोराला एकटीला मिळालं. एका नदीवरचं गाणं होतं. संगीतकाराने कोरसातून तिला पुढे बोलावलं आणि दोनदा ऐकून 'हीच' म्हणाला. मी तिचं नाव काचेवर रंगवलं. एवढं लांबलचक आडनाव, एका ओळीत बसवताना बापजाद्यांना शिव्या घातल्या तिच्या, पण बसवलं. थोराने त्या नाताळला बहिणीला सांगून टाकलं. सोल्वेग म्हणाली, "बघू."

"बघू म्हणाली!" थोरा माझ्या दारात येऊन नाचायची बाकी राहिली होती. "अरे, तिचं बघू म्हणजे दुसऱ्याची शपथ."

इथे घोड्याने पेंड खाल्ली. वरच्यांना वाटलं, गाण्याची तबकडी खपायला नावाजलेली गायिका हवी. तशी एक आणली, गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, कोरससुद्धा नवा. मला सांगितलं, काच खरवड. खरवडली. पण थोराला सांगायचं काम कुणीच करेना, तेव्हा तेही माझ्याच गळ्यात आलं.

तिने ऐकून घेतलं. कॉफी ढवळत राहिली. मग म्हणाली, "सोल्वेगला कळवायचं नाही."

"का?"

"कळलं तर ती जाणार नाही."

"आणि गेली तर ऐकणार कुणाला? दुसऱ्याच बाईला?"

"गावच्या थेटरातल्या त्या भोंग्यातून सगळे आवाज सारखेच येतात."

माझं डोकं सटकलं. "हे तुला तरी पटतंय का?" असं विचारलं, तर पातेलं घासायला लागली. तिला बहीण थेटरात जायला हवी होती, मग पडद्यामागे कुणी का गाईना. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मी माझ्यापुरतं समाधान शोधलं होतं. थोराच्या गावात चर्चची माणसं सिनेमाला जायची नाहीत असं नाही. जायची, पण दिवे मालवल्यावर हळूच आत शिरायची आणि दिवे लागायच्या आत बाहेर. निम्म्या गावाने सगळ्या सिनेमांचं फक्त मधलं पाहिलेलं. सोल्वेगही तशीच जाणार, तोवर नावं आणि गाणं दोन्ही संपलेली असणार, झाकली मूठ सव्वा लाखाची. थोराला मी हे सांगितलंही. ती म्हणाली, "मी तिला बजावून ठेवलंय, गाणं अगदी सुरुवातीलाच आहे म्हणून."

वसंतात सिनेमा तिच्या गावी पोचला. रविवारी दुपारी फोन वाजला. थोराने मला बाही धरून ओढलं आणि रिसीव्हर आम्हा दोघांच्या कानांच्या मधे धरला. एकटीने ऐकायचं धैर्य नव्हतं तिचं. गावाकडे दहा घरांत मिळून फोनची एकच तार असते, कुणीही रिसीव्हर उचलून ऐकावं, आणि ऐकणारे वाढले की आवाज बारीक, त्यामुळे सोल्वेग ओरडूनच बोलत होती.

"काल मी दिवे चालू असतानाच जाऊन बसले. पहिल्या रांगेत. चर्चला घालते ती रविवारची टोपी घालून. सगळ्या गावाने पाहिलं."

"मग?" थोराचा आवाज एवढासा झाला होता.

"मग एक बाई गायली. बरी गायली. तू कुठे होतीस?"

थोरा एप्रनचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"अगं, तुझ्या शेजारी उभी राहून आयुष्य गेलं माझं. तू श्वास घ्यायचीस तो माझ्या बरगडीला कळायचा. मला ओळखू येणार नाही होय? तरी दुसऱ्या खेळालाही बसून राहिले. म्हटलं, पहिल्यांदा चुकून दुसरीचं लावलं असेल."

"काढलं मला," थोरा म्हणाली. "मला नाव नाही ना, म्हणून. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

"मलाही आज सकाळी चर्चच्या गाणाऱ्यांतून काढलंय." हे सोल्वेगने पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "तर आता म्हण. ऐकायला गेले होते मी, न ऐकता कशी राहू?"

थोराने रिसीव्हर माझ्या हाती दिला, एप्रनला हात पुसले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गायली. मी तिला कोरसात इतकी वर्षं ऐकत होतो, पण ती अशी एकटी गाते हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत तिने सूर सोडला नाही. गाणं संपल्यावर तारेवर बऱ्याच जणांचे श्वास ऐकू येत होते.

मग एक म्हातारी खाकरली. "थोरा, मी हेग्लंडबाई. चर्चच्या पास्टरची बायकोपण ऐकतेय बरं का, तिच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय मला. दुसरं कडवं असेल तर म्हण, पोरी."

दुसरं कडवं नव्हतंच. नावांना पुरेल एवढंच गाणं लिहिलं होतं. थोराने पहिलंच पुन्हा धरलं, आणि दुसऱ्या ओळीला तिकडून सोल्वेग तिच्या जुन्या खालच्या सुरात सामील झाली.