बाई उभ्या राहिल्या

ज्या बाईंनी मला जपानी शिकवलं त्या आमच्या शहराच्या नगरसभेच्या सभासद आहेत, हे मला पहिलं वर्षभर माहीतच नव्हतं. दर गुरुवारी सकाळी आम्ही सात-आठ परदेशी बायका सार्वजनिक सभागृहातल्या एका खोलीत जमायचो. बाई फळ्यावर दवाखान्यात बोलायची वाक्यं लिहायच्या. पोट दुखणं वेगळं, पोटात कळ येणं वेगळं, हे स्वतःच्या पोटावर हात दाबून, तोंड वाकडं करून दाखवायच्या. मी त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं 'बाई'च. पुढे निवडणुकीच्या पोस्टरवर त्यांचा चेहरा दिसला आणि मी स्टेशनबाहेर तशीच उभी राहिले.

सत्तरीच्या जवळ आलेल्या, ठेंगण्या, कायम सायकलवर. कुठल्याच पक्षात नव्हत्या. "मी मधे बसते," म्हणायच्या, "तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं."

आम्ही पुण्याहून दोन वर्षांसाठी आलो होतो, त्याची सहा झाली होती. नवऱ्याचं ऑफिस कावासाकीला, मी सुपरमार्केटच्या भाजी विभागात आरुबाइतो, म्हणजे तासांवरचं काम करायचे. मुलगी इथल्या सरकारी शाळेत सहावीत होती. पहिलीत गेली तेव्हा तिला जपानीचा एक शब्द येत नव्हता. शाळेत परदेशी मुलांसाठी भाषेचा वेगळा वर्ग होता, रोज दोन तास. तो वर्ग सुरू व्हावा म्हणून बाई कितीतरी वर्षं नगरसभेत भांडल्या होत्या. त्या वर्गामुळेच माझी मुलगी मार्गी लागली. आता मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते.

त्या वर्षी महापौरांनी शिक्षण मंडळासाठी एका निवृत्त न्यायाधीशांचं नाव सुचवलं. वरच्या कोर्टात हयात घालवलेला माणूस. नेमणुकीला नगरसभेची संमती लागते. एरवी अशी संमती पाच मिनिटांत मिळते, कुणाला कळतही नाही. पण मतदानाच्या तीन आठवडे आधी न्यायाधीशांचं एक जुनं भाषण बाहेर आलं. त्यातलं एक वाक्य सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागलं. मला त्यातला एक शब्द वाचता येईना, म्हणून जेवताना मी फोन मुलीपुढे धरला.

तिने वाचलं. "परदेशी मुलांना शाळेत घेणं हा आपण केलेला उपकार आहे, त्यांचा हक्क नव्हे."

"उपकार म्हणजे इथे नक्की काय म्हणायचंय त्यांना?"

"कुणी दिलं तर मिळतं," ती जपानीत म्हणाली. "नाही दिलं तर मागता येत नाही." आणि तिने आमटी वाढून घेतली.

नगरसभेत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. मधे बसणारे तिघे. त्यांतल्या एकाने होकार जाहीर केला, दुसऱ्याने नकार. उरल्या बाई.

मग जे सुरू झालं ते मी जवळून पाहिलं. त्यांच्या घरचा फोन थांबेना. फॅक्सवर पानंच्या पानं यायची, काहींवर नुसताच एक शब्द, जाड शाईत. न्यायाधीशांच्या बाजूचे लोक दुपारी भोंग्याची गाडी आणून दारासमोर उभी करायचे. विरोधातले पत्रपेटीत पत्रकं कोंबायचे, बाईंच्या फोटोवर 'मुलांना विकू नका' असं लिहिलेली. त्यांच्या नवऱ्याला आधीच्या वर्षी पक्षाघात झाला होता. भोंगा सुरू झाला की ते कान झाकायला हात उचलायचे, आणि एकच हात वर जायचा.

आम्हा भारतीय पालकांचा एक ग्रुप होता. तिथे ठरलं, सह्या गोळा करायच्या आणि बाईंना नेऊन द्यायच्या. सगळे मला म्हणाले, "तुमचा घरोबा आहे, तुम्हीच जा."

नवरा म्हणाला, "आपण इथे व्हिसावर आहोत. यात पडू नकोस."

मी गेले. बाईंनी चहा केला. मी सह्यांचे कागद टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक नाव बोटाने सावकाश वाचलं. बरीचशी त्यांच्या ओळखीची होती.

"मला विचार करायला हवा," त्या म्हणाल्या.

"सेन्सेई, यात विचार करण्यासारखं काय आहे? हा माणूस आमच्या मुलांबद्दल काय बोललाय ते तुम्ही वाचलंत ना?"

"वाचलं."

"मग?"

त्यांनी कागद एकावर एक नीट रचले. मला राग आला. इतक्या वर्षांत त्यांच्यावर कधी आला नव्हता. मी म्हणाले, "ज्यांना मताचा हक्क नाही त्यांना शिकवणं सोपं असतं, सेन्सेई. त्यांच्यासाठी स्वतःचं काही गमवायची वेळ आली की माणूस कळतो."

आतल्या खोलीतून त्यांच्या नवऱ्याने हाक मारली. बाई उठल्या, दारापाशी थांबल्या. "तुमचं जपानी फार चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. शिकवणाऱ्या माणसाला जसं वाटतं तसं त्यांना खरंच वाटलं होतं, आणि म्हणूनच मला तिथे बसवेना.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी आणि आणखी दोघी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. तिथे बोलायला बंदी, टाळी वाजवायलाही. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी उभं राहावं. खुर्च्या सरकल्या. बाई बसून होत्या. मी शेजारणीचा हात दाबला. मग बाईंनी दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि त्या उभ्या राहिल्या.

एका मताने नेमणूक मंजूर झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?" रखवालदाराने त्याला बाहेर नेलं. बाईंनी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर बाईंचा फोटो आला, त्यावर लाल फुली मारलेली. खाली बरंच काही लिहिलेलं, मराठीतून, हिंदीतून. मी त्यात भर घातली नाही, पण कुणाला थांबवलंही नाही. पुढच्या गुरुवारी मी वर्गाला गेले नाही. कुणीच गेलं नाही, हे मला नंतर समजलं. बाई दोन गुरुवार त्या खोलीत एकट्या बसल्या आणि तिसऱ्या आठवड्यात किल्ली परत देऊन आल्या. पुढची निवडणूक त्या हरल्या. एका बाजूला त्या कधीच आपल्या वाटल्या नव्हत्या, दुसरीला आता वाटत नव्हत्या.

शाळेतला भाषेचा वर्ग आणखी एक वर्ष चालला. मग शिक्षण मंडळाने तो बंद केला. पालकांना हवं तर बाहेर शिकवणी लावावी, असं पत्र घरोघरी आलं. त्याच आठवड्यात त्या वर्गाच्या शिक्षिका मला दुकानात भेटल्या. मी कोबीवर किमतीची लेबलं लावत होते.

"आता सांगायला हरकत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या वेळी महापौरांच्या माणसांनी सेन्सेईंना निरोप दिला होता. नेमणूक पडली तर हा वर्ग पुढच्या वर्षी नसेल, मंजूर झाली तर राहील. सेन्सेईंनी लेखी मागितलं. लेखी कुणी दिलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्या आमच्या वर्गात येऊन बसल्या होत्या, मुलांच्या छोट्या खुर्चीवर. तासभर. कुणाला सांगू नका म्हणाल्या."

माझ्या हातातलं लेबल बोटाला चिकटून राहिलं.

बाईंचं घर बंद होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, त्या नवऱ्याला घेऊन त्सुकुबाला मुलीजवळ राहायला गेल्या. पत्ता मिळवायला मला दोन महिने लागले, आणि जायचा धीर यायला आणखी तीन. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. नवरा खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत झोपला होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, होकार द्या. मुलीची आई दुसरं काय म्हणणार? मग उद्या तो निर्णय तुमच्या अंगावर आला असता."

"मी त्या दिवशी फार वाईट बोलले."

"बोललात," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या अंगावरची चादर वर ओढली आणि म्हणाल्या, "वर्ग शेवटी गेलाच. तो माणूस आत आला आणि वर्गही गेला. मी बसून राहिले असते तर निदान एक गोष्ट वाचली असती. का दोन्ही तशाही गेल्या असत्या? मला अजून ठरवता येत नाही."

मी वाकून माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली नाही, नाकारलीही नाही. बस किती वाजता आहे ते घड्याळात पाहून सांगितलं.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या इमारतीत मुंबईचं एक कुटुंब आलं. नवरा बँकेत, मुलगी सात वर्षांची. ती दिवसभर वर्गात बसून असते, काही कळत नाही, घरी येऊन बोलतही नाही. तिची आई परवा लिफ्टपाशी मला म्हणाली, "ताई, तुम्ही इथल्या जुन्या. यासाठी कुणाला भेटायचं असतं?"

मी म्हटलं, माहीत नाही.