गोऱ्या बाईचा राम राम

"गाडी कुठंय? गाडी जोडा!" गोरी बाई अंगणात ओरडत होती. गाडी नव्हती. बैल नव्हते. घरात एकही पुरुष नव्हता. आणि आत बाजेवर माझी थोरली जाऊ दोन दिवसांच्या कळांनी अर्धमेली पडली होती. मूल अडलं होतं. कारंज्याच्या दवाखान्यात नेलं नाही तर दोघंही जातील, असं बाईनं सांगितलं.

ही बाई इंग्रज नर्स. कामरगावच्या बाहेर तिचा तंबू होता, आणि मी रोज सकाळी तिथं दूध घालायची. रोज ती आधी हवेचं बोलायची. "आज थंडी आहे, नाही?" मग दूध घ्यायची. एकदा एक साहेब घोड्यावर आला. दोघं आभाळाकडे पाहून बोलले, हसले, आणि तो निघून गेला. मला तेव्हाच कळलं, हा यांचा राम राम आहे.

त्या दिवशी जावेसाठी तिला बोलावलं, तेव्हाही ती दारात आली आणि सासूला म्हणाली, "आभाळ भरलं आहे. पाऊस येईल, नाही का?" मी चुलीपाशी पाणी तापवत होते. ऐकून मला हसू आलं. तोंड उघडायचं सोडून मी हसले, ही चूक माझी.

माघाचे दिवस. वर्षाची ज्वारी खळ्यावर उघडी. सासूला वाटलं, शिकलेली बाई, तिला आभाळातलं कळत असेल. बाई आत जाते न जाते तोच सासूनं सासरा, दीर, नवरा, सगळ्यांना गाडी देऊन खळ्यावर पिटाळलं.

आता मी खळ्याकडे पळाले. पदर पडला, पायात काटा मोडला, पण थांबले नाही. पारावरचे म्हातारे बघत राहिले. खळ्यावर पोती गाडीत चढत होती.

"मामाजी, पोते उतरवा! पाऊस नाही येत!"

सासऱ्याशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "तुले काय समजते वं आभाळातलं?"

"आभाळातलं नाही, त्या बाईचं समजते! ते राम राम करून राह्यली होती. जाऊबाईले कारंज्याले न्या लागते, आत्ताच्या आत्ता!"

"असा कुठं राम राम असते का?" माझा नवरा म्हणाला.

थोरला दीर, जावेचा नवरा, धावत पुढं आला. त्यानं पोती लाथेनं खाली ढकलली आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. मी मागून चढले. गाडी अशी उधळली की माझी जीभ दाताखाली आली.

घरी येताच जावेला बाजेसकट गाडीत घातलं. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, सासू पायाशी. कारंज्यापर्यंत दिरानं बैलांना दम खाऊ दिला नाही. दवाखान्याचा डॉक्टरही गोराच होता. तो ओसरीवर आला. त्यानं आणि बाईनं वर पाहिलं, दोन शब्द बोलले, आणि मग आत धावले.

"आताबी आभाळच पाहून राह्यले, मेले!" सासू किंचाळली.

डॉक्टरनं चिमटा लावून मूल ओढलं. मुलगी झाली.

पावसाचा एक थेंब पडला नाही. जाऊ जगली. मुलगीही जगली.