दत्ताण्णांच्या घरी आतोबांचं पान

पितृपंधरवड्यात कुणी प्रवासाला निघतं का, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या. मी म्हटलं, तिकीट तुम्ही काढणार का? नाही ना, मग गप्प बसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, महायुद्धात बाँबर विमानावर होते. एका रात्री गेले ते गेलेच. सरकारकडून ‘बेपत्ता’ एवढंच कळलं. आत्या तेव्हापासून सांगलीला आमच्याकडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. लोक मागं म्हणायचे, रंगूनला दुसरी केली असेल. आणि आता बंगळूरच्या दत्ताण्णा नावाच्या म्हाताऱ्यानं पत्ता शोधून सांगावा धाडला होता की मी त्यांच्याच तुकडीतला, आता माझे फार दिवस उरले नाहीत, वहिनी असतील तर अमक्या दिवशी घेऊन या.

“मेले का पळाले, एवढंच विचारायचंय मला,” आत्या म्हणाली.

संध्याकाळची लाल बस धरली. तुम्ही जाणार असाल तर मागची सीट घेऊ नका, हुबळीच्या पुढं हाडं खिळखिळी होतात. दावणगेऱ्याला थांबली तर लोणी डोसा खा, स्वस्त आणि पोटभर. आत्यानं नुसती कॉफी घेतली. मॅजेस्टिकला, म्हणजे बंगळूरच्या स्टँडवर, उतरलं की रिक्षावाले अंगावर येतात, मीटर टाकायला लावा. आमचा म्हणाला, “अक्का, स्वल्प जास्ती.” मी म्हटलं, “स्वल्प कमी.” हसला मेला, पण नेलंन बसवनगुडीला.

झाडांत बुडालेलं जुनं घर. दत्ताण्णा सोवळं नेसून दारात आले, आत्याच्या कपाळाकडं बघतच राहिले. आत पानं मांडलेली, वड्यांचा वास. भटजी एकेक नाव सांगत होते, आणि मध्येच आतोबांचं नाव आलं. पुरं नाव, गोत्रासकट.

मी पुढं झाले.

“हे काय चाललंय?”

“महालय,” दत्ताण्णा म्हणाले. “आपल्या पितरांबरोबर मित्रालाही पिंड देता येतो. दरवर्षी देतो मी, वहिनी.”

“म्हणजे मेले,” आत्या म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं. कुठं जायचं ते विमान उडेपर्यंत सांगितलं नव्हतं. दत्ताण्णा मागच्या विमानात होते. आतोबांचं पेटलं आणि समुद्रात गेलं, डोळ्यांदेखत. परतल्यावर साहेबानं सगळ्यांना उभं करून बजावलं, हे उड्डाण झालंच नाही.

“पन्नास वर्षं तुम्ही इथं पिंड घालताय,” मी म्हटलं, “आणि ही तिकडं हळदीकुंकवाला पहिली सवाष्ण.”

“तोंड उघडायचं नाही असा हुकूम होता.”

“युद्ध संपल्यावर?”

“आता उघडा म्हणून कुणी सांगितलं नाही.”

हे ते अगदी मनापासून बोलले.

त्यांची बायको हात पुसत आली. “मलाही आत्ताच कळतंय हो अक्का. मित्राचं म्हणाले, मी वाढत गेले.”

आत्या त्या पानापाशी जाऊन उभी राहिली. खाली बघितलंन.

“कारलं काढा.”

“श्राद्धाला लागतं, अक्का.”

“लागत असेल. यांना नको. ओकायचे.”

भटजी काहीतरी बोलायला लागले. दत्ताण्णांनी वाकून स्वतःच कारलं उचललं.

परतीच्या बसमध्ये आत्या गाढ झोपली. मला डोळा लागला नाही. समुद्रात गेलेल्या माणसासाठी बायकोनं नवस बोलायचे, मित्रानं पिंड द्यायचे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. असला हुकूम कोण काढतं आणि काढून विसरतं कसं, हे मला अजून कळत नाही.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पंधरवडा संपला, घट बसले. गल्लीतल्या बायका जमल्या. पहिलं कुंकू नेहमी आत्याला. करंडा घेऊन मी तिच्यापुढं उभी राहिले आणि हात उचलेना.

आत्यानं पदर सारखा केला, कपाळ पुढं केलं.

“लाव गं,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पळाले नव्हते ते.”