हौसाच्या नावाचं पत्र

भूतबित मानणाऱ्यातला मी नव्हे. फौजेत असताना स्मशानाला लागून तंबू ठोकलाय आणि आत खुशाल घोरलोय. शिक्षण चौथी. लिहिलंय मी, मोबाइलवर उतरवलंय सुनेनं. "बाबा, लोक हसतील," म्हणाली. हसू देत.

आम्ही साताऱ्याकडचे. मुलगा कस्टममध्ये, म्हणून सध्या कलकत्त्यात, खिदिरपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

एकाहत्तरच्या लढाईत मी इकडच्याच सीमेवर होतो. तेव्हा जवानाचं पत्र वडिलांच्या नावानं जायचं आणि मास्तर ते ओट्यावर सगळ्यांसमोर वाचायचे. बायकोला शेवटची एक ओळ — 'घरात सर्वांस आशीर्वाद', त्यातच ती आली. एकदाच मी रीत मोडली. तिला वेगळं पत्र टाकलं. पण लग्नात तिचं नाव बदलून लक्ष्मी ठेवलेलं, आणि मला आवडायचं माहेरचं, हौसा. पाकिटावर तेच घातलं... माहेरच्या आडनावासकट! आमच्या गावात त्या नावाची बाईच नाही. पत्र गेलं ते गेलंच.

तेव्हापासून हिचं एकच — "मला एक पत्र लिहिलं नाहीत."

"लिहिलं होतं!"

"मग काय लिहिलं होतं, सांगा की."

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हतो. थापाड्या ठरलो तरी चालेल!

यंदाच्या दुर्गापूजेच्या आधीची गोष्ट. भर दुपारी मी खाली दाढी करायला गेलो होतो. परत येतो तर दार सताड उघडं, आणि ही उंबऱ्यात उभी, पदर डोळ्यांना.

"अहो, तुम्ही भ्याला होतात?"

"कोण? मी?"

"पोस्टमन आला होता. हौसा कोण, म्हणाला. म्हटलं, मीच. मला कुठं वाचता येतं? त्यानंच वाचून दाखवलं."

"बंगाल्यानं?"

"बंगाली कसला! आपल्याकडचंच बोलत होता. वाचलं आणि पत्र घेऊन गेला."

आणि तिनं घडाघडा म्हटलं — 'हौसा, आज मी फार भ्यालो. शेजारचा गडी गेला. बाबांना कळू देऊ नको. तू सगळ्यांच्या मागनं उरलंसुरलं खात बसू नको. माझ्या वाटणीची भाकरी तू खा.'

शब्द न् शब्द माझा! मी तसाच जिना उतरून वॉचमनला गाठलं.

वॉचमन म्हणाला, कुणी आलंच नाही. क्यामेऱ्यात जिना रिकामा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच कधी झोपेत बोलला असाल."

"झोपेत मी घोरतो. विचार तुझ्या आईला."

"घोरतात," ही म्हणाली. "आणि लिहिलं होतं त्यांनी. खरं बोलत होते."

झालं! मी संदेश म्हणतात त्या इकडच्या मिठाईचा डबा आणला आणि बिल्डिंगभर वाटला. "हमने चिट्ठी लिखा था!" लोक म्हणाले, कब? म्हटलं, लढाई में!

तो कोण होता, मला कळलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर सांगा, पण झोपेत बोलण्याचं नका सांगू.

संध्याकाळी हिनं माझ्यापुढं कागद ठेवला. "उत्तर द्यायचं राहिलंय. मी सांगते, तुम्ही लिहा. 'मी पोटभर जेवते. भ्यालात तर काय झालं? मुकाट्यानं घरी या. हौसा.'"

"पत्ता काय घालू?"

"मला काय विचारता? कुठल्या खड्ड्यात बसला होतात ते तुम्हालाच ठाऊक."

मी माझा तेव्हाचा नंबर, हुद्दा, पलटण, सगळं घातलं आणि छाती पुढं काढून पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.