ताणावरच्या बागेला युरिया

आमच्या गावातून बी.एस्सी.ला गेलेली पहिली मुलगी मी. वर्ध्याला मावशीकडे राहून कॉलेज करायचे आणि सुटीत तळेगावला आले की शहाणपण वाटत फिरायचे. शेजारच्यांच्या तुळशीला पालाश हवा, आईच्या मिरच्यांना स्फुरद कमी पडतं, असं काहीबाही. आई म्हणायची, "तुळशीले काई नको, पाणी टाक." पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. तिचं कशाला ऐकते?

बाबांचा संत्र्याचा बगीचा होता. कलमं त्यांनी स्वतः आणून लावलेली. मला शिकवायला ते तयार झाले तेही या झाडांसाठीच. भाऊबंदांनी नाकं मुरडली तेव्हा म्हणाले, "झाडाले काय दुखते हे सांगणारं घरात कोणीतरी पाह्यजे." पुढे हे वाक्य ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाताळच्या सुटीत घरी पोचले तर बाबा हातात एक फांदी घेऊन माझीच वाट पाहत बसलेले.

"पाह्य बरं. शेंड्याची पानं पिवळी पडून राह्यली. शिरा मात्र हिरव्या. खालची पानंबी हिरवीच हायेत. काय कमी पडून राह्यलं?"

मी फांदी हातातसुद्धा घेतली नाही. पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"युरिया द्या," मी म्हटलं, "आणि वरून भरपूर पाणी."

बाबांनी फांदी खाली ठेवली. आमच्याकडे आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. पानं कोमेजेपर्यंत झाडं तहानलेली ठेवायची आणि मग जानेवारीत पाणी सोडायचं, की फुलोरा येतो. याला ताण देणं म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं.

"बाग ताणावर हाये, बाई," ते हळूच म्हणाले. "आता पाणी देलं तं बहार जाते."

"पुस्तकात तसं काही नाही."

खरं सांगायचं तर माझ्या पुस्तकात संत्र्याचं झाडच नव्हतं.

आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी खत टाकून विहिरीवरची मोटर सुरू केली. शेजारचे काका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन म्हणाले, "काऊन जी, ताण मोडून राह्यले?" बाबा म्हणाले, "पोरीनं सांगतलं." मी तिथेच उभी होते आणि मला अभिमान वाटला. आज ते आठवलं की स्वतःचा संताप येतो.

जानेवारीत फूल आलं नाही. नुसती पालवी फुटली, तीही पिवळट पांढरी.

फेब्रुवारीत कॉलेजात सरांनी पानांचे नमुने दाखवले. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह तसं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंडा पिवळा पडतो आणि शिरा हिरव्या राहतात. बाबांनी सांगितलं होतं ते शब्दाला शब्द.

मी घरी पत्र लिहिलं. चुकले असं लिहिलं नाही. "आता हिराकस द्या," एवढंच लिहिलं. हिराकशीत लोह असतं. बाबांनी ती झाडांच्या आळ्यांत घातली. पण आमची जमीन चुनखडीची. तिच्यात पडलेलं लोह मातीतच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. ते पानांवर फवारायला हवं होतं, आणि हे मला कळायला आणखी एक वर्ष लागलं. तोवर शेंडे वाळले, मग फांद्या. शेवटी झाडं तोडावी लागली. कदाचित ती तशीही गेली असती. हे वाक्य मी स्वतःशी खूपदा म्हणून पाहिलंय.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, वर्ध्याजवळच सिंदी मेघेत बिऱ्हाड केलं. या खेपेला बाबांना सगळं सांगायचंच, असं ठरवून दर सुटीत गावी जायचे आणि न सांगता परत यायचे. बगीच्याच्या जागी तेव्हा कपाशी उभी असायची.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवाळीची गोष्ट. ओसरीवर माणसं बसली होती, मी चहा देत होते. शेजारचे काका सहज बोलून गेले, "पोरीच्या नादी लागून बगीचा घालवला तुम्ही."

"तिनं बरोबरच सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "माह्याच हातून युरिया जास्ती पडला. ते बिचारी वर्ध्याले राहून किती ध्यान ठेवन?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाये ना, बाई?"

मी हो म्हटलं.