कडी कुठल्या बाजूला

टेलरबाईंनी घर वाटून घ्यायचं ठरवलं, ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांचा घटस्फोटही होऊन गेला होता! लोकांचं काय जातं? राईचा पर्वत करायला त्यांना राईसुद्धा लागत नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती. बाईंचे यजमान सुतार; सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. घर दोघांच्या नावावर, पण मोठ्या खोलीत जिकडेतिकडे फळ्या आणि अर्धवट खुर्च्या, अन् कोपऱ्यात अंग चोरून बाईंचं शिलाई मशीन. बाई लग्नाचे पांढरे झगे शिवायच्या. झगा खुंटीला लावला रे लावला, की शेजारी करवत सुरू. परवा एका झग्यावर पॉलिशचा थेंब उडाला आणि नवरीची आई नाही नाही ते बोलून गेली. असं आणखी एक गिऱ्हाईक गेलं, तर बाईंचा धंदा बसणार होता.

"अहो, मध्ये भिंत घाला," बाई म्हणाल्या. "रस्त्याकडची बाजू माझी, अंगणाकडची तुमची. विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीत यायचं नाही. आणि हे कागदावर हवं! तोंडी सांगून माझी जीभ झिजली."

मिस्त्री चक्क हो म्हणाले. भुशावरून रोज बोलणी खायचा त्यांनाही कंटाळा आला होता.

वकिलांनी आवाज खाली आणून विचारलं, "एकत्र राहणं अगदीच अशक्य झालंय का?"

"अहो, सोडायचंय कुणाला?" बाई उसळल्या. "जेवण, झोप, भांडण सगळं एकत्रच! फक्त खोल्या वेगळ्या."

मिस्त्री छताकडे बघत लाजले. वकिलांनी डोकं खाजवलं, पण कागद करून दिला. सह्या झाल्या त्या दिवशी लेक बॅग घेऊन रडत दारात हजर! "आई, या वयात?" बाईंनी तिचे डोळे पुसले आणि पडद्याच्या कापडाचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "रडतेस काय, धर नीट. माझ्या खोलीचा पडदा आहे!"

माझी खोली! बाई दिवसभर हेच म्हणत होत्या. माहेरी बहिणींच्या गर्दीत वाढल्या, सासरी फळ्यांच्या. लाकडी भिंत उभी राहताना त्यांचा पाय जमिनीवर ठरेना. मिस्त्रींनीही जीव ओतला. एक फट ठेवली नाही. शेवटी मधलं दार बसलं. बाईंनी आत जाऊन ते ओढून घेतलं, कडी लावायला हात वर केला, आणि हाताला नुसतं गुळगुळीत लाकूड लागलं. कडी मिस्त्रींच्या बाजूला होती.

बाईंचा चेहरा पडला. मग पारा चढला.

"म्हणजे मला कोंडायची सोय केलीत? कागदावर सह्या कशाला केल्या मग?"

मिस्त्री दाराकडे बघतच राहिले. "अगं, मी इकडे उभा राहून काम करत होतो... हात गेला तिकडे ठोकली." आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं, तसे ते कानापर्यंत लाल झाले. या घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक खुंटी आजवर अशीच बसली होती, त्यांचा हात पोहोचेल तिथे. त्यांनी मुकाट्याने स्क्रू काढले आणि कडी बाईंच्या हातात ठेवली. "तूच सांग कुठे."

बाईंनी बोट ठेवलं, आपल्या हाताच्या उंचीवर. मिस्त्रींनी कडी तिथे बसवली आणि ते आपल्या बाजूला निघून गेले.

खट्! कडी लागली. बाईंना हसू आवरेना. त्यांनी खोलीत एक गिरकी घेतली, मशीनवरून हात फिरवला, पांढरंशुभ्र कापड टेबलावर पसरलं. कुणी हाक मारेना, कुणी काही मागेना. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोण?" बाईंनी विचारलं. लेक केव्हाच परत गेली होती; घरात दुसरं होतं कोण!

"मी," बाहेरून मिस्त्री म्हणाले. आवाज पाहुण्यासारखा अवघडलेला. "येऊ का आत?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. बाई लगेच उठल्या नाहीत.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या.

आणि मिस्त्री थांबले.