माणसाच्या पोटात खण नसतात

औषध विभागात तिला सगळे खोकेबाई म्हणत. रुग्णालयाच्या मागच्या दाराशी उतरणारी औषधांची खोकी फोडायची, माल मांडण्यांवर लावायचा आणि मग फरशी पुसून घ्यायची, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं औषध तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं, तेव्हा विभागातल्या लोकांना हसू आवरेना. बरोबर शिकणारी पोरं विशीतली, तिच्या लेकीपेक्षाही लहान. कुणी म्हणे, आता झाडूलाही पदवी मिळणार. तिनं ते ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण भांडायला तिला वेळच नव्हता.

सहा भागांचा अभ्यास होता. प्रत्येक भागाला मुख्य फार्मासिस्ट साहेब तोंडी परीक्षा घ्यायचे आणि प्रशिक्षणाच्या वहीत सही करायचे. गोळ्या मोजणं, लेबल लावणं, साठा ठेवणं असे पाच भाग तिनं बघता बघता उडवले. राहिला तो सहावा, मानवी शरीराचा. दोनदा संधी मिळे. दोनदा नापास झालं की नाव कटलं आणि परत झाडू हातात. तिची पहिली संधी आधीच वाया गेली होती, आणि तीही चारचौघांत.

झालं होतं असं. विभागातल्या मांडण्या अवयवांप्रमाणे लावलेल्या होत्या. पहिली पोटाची, दुसरी हृदयाची, तिसरी फुप्फुसांची, अशा ओळीनं. एकोणीस वर्षं त्यांच्यापुढे उभं राहून खोकेबाईच्या डोक्यात माणसाचं शरीरही तसंच बसलं होतं. साहेबांनी विचारलं, रक्तातली चरबी कमी करणारी गोळी मुख्यतः कुठे काम करते? ती ताडकन म्हणाली, "हृदयात. दुसरी मांडणी, वरून तिसरा खण." काउंटरमागे हशा पिकला. ती गोळी मुख्यतः यकृतात काम करते. चरबी तिथं तयार होते म्हणून तिथं. हृदयाच्या मांडणीवर ती ठेवलेली असते ती केवळ हृदयरोग्यांना लागते म्हणून. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, माणसाच्या पोटात खण नसतात." पुढं आणखी चार प्रश्न तिनं असेच खणांवरून सोडवले आणि चारही चुकवले.

त्या दिवशी घरी आल्यावर ती रडली, खोटं कशाला बोला. चांगला अर्धा तास रडली. मग तोंड धुतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमचा तो कापडी पुतळा मला महिनाभर हवाय."

नवरा शिंपी. कपडे अंगावर बसतात का ते बघायचा त्याचा पुतळा दुकानाच्या मागच्या खोलीत उभा असे. तो आधी कुरकुरला, मग स्वतःच कात्री घेऊन बसला. तपकिरी अस्तराचं यकृत झालं, गुलाबी कापडाची फुप्फुसं झाली, आणि सगळं टाचण्यांनी पुतळ्याला लागलं. मूत्रपिंडं तिनं बेंबीच्या दोन बाजूंना पुढून लावली होती. पुस्तकात बघते तर ती पाठीमागच्या अंगाला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. उपटली आणि पाठीला लावली. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं हे वाचल्यावर नवऱ्यानं चार टेप एकापुढे एक धरून मोजलं आणि म्हणाला, एवढं लांबलचक प्रकरण पोटात असल्यावर भूक लागते यात नवल ते काय. एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं, ते आतडी लोंबणारा पुतळा बघून आल्या पावली परत गेलं. त्यावर दोघंही पोट धरून हसली.

रक्तवाहिन्यांसाठी दोरे होते. आतड्यापासून निघालेला दोरा तिनं सरळ हृदयाला बांधला होता. पुस्तक म्हणालं, चूक. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, तिथं त्याची झडती होते आणि मगच ते पुढं सुटतं. म्हणून काही औषधं गिळली की त्यांचा बराचसा भाग वाटेतच संपतो. तोंडातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त मात्र यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. हे तिला इतकं आवडलं, की तो एक दोरा तिनं तीनदा सोडून तीनदा बांधला.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा दुपारी, गर्दी ओसरल्यावर. सकाळी ती काउंटरवर होती. साहेबांनी तपासून सही केलेल्या पिशव्या द्यायच्या आणि लेबल मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढंच तिचं काम. समोरच्या बाकावर एक म्हातारा ट्रकचालक टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. छातीत कळ आली की घ्यायच्या गोळ्या त्याला पहिल्यांदाच लिहून दिल्या होत्या. तिनं पिशवी उचलली, लेबल वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यावर छापलं होतं, 'एक गोळी पाण्यासोबत गिळावी.'

ती पिशवी घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेली आणि लेबल चुकलंय म्हणाली. साहेबांनी मान वर केली नाही. आपण तपासलंय, सही दिसत नाही का, म्हणाले. ती हलली नाही.

"ही गोळी जिभेखाली ठेवायची असते," ती म्हणाली. "गिळली तर आधी लिव्हरमध्ये जाईल आणि बरीचशी तिथंच संपेल. हृदयापर्यंत पोचेल ती नखभर. माणूस छाती धरून बसेल आणि वाट बघत राहील."

साहेबांनी आता मान वर केली. "बाई, परीक्षा आज तुमची आहे. सही मला करायची आहे, एवढं लक्षात असू द्या."

महिनाभराची मेहनत, एकोणीस वर्षांची फरशी, सगळं त्या एका सहीवर टांगलेलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. पण तिची मान वाकेना.

"नका करू सही," ती म्हणाली. "पण ही पिशवी माझ्या हातून जायची नाही."

साहेबांनी पिशवी हिसकावून घेतली, लेबल वाचलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. चेहरा पार उतरला. लेबलच्या यंत्रात गोळी म्हटलं की तेच वाक्य आपोआप छापलं जाई, आणि त्यांनी सवयीनं सही ठोकली होती. नवीन लेबल त्यांनी स्वतः लावलं. बाहेर जाऊन म्हाताऱ्याला खाली बसून गोळी जिभेखाली कशी धरायची, ते दोनदा समजावून सांगितलं.

दुपारी त्यांनी तिला आत बोलावलं. प्रशिक्षणाची वही टेबलावर उघडी होती आणि पेनचं टोपण काढलेलं होतं. परीक्षेची काही गरज नाही, ते म्हणाले, सही करून टाकतो. सकाळचं मात्र आपल्या दोघांतच राहू दे. त्यांचा आवाज इतका मऊ तिनं कधी ऐकला नव्हता.

खोकेबाईचं डोकं सणकलं. पकडलेली प्रत्येक चूक चुकांच्या वहीत लिहायची, हा विभागाचा नियम. प्रशिक्षणाच्या आठ महिन्यांत तिच्या चार चुका त्या वहीत गेल्या होत्या, चारही साहेबांच्या हातच्या, लाल शाईत. तिनं खिळ्यावरची ती वही काढली, टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच लिहिलं. तारीख. औषध. काय चुकलं. कुणी तपासलं होतं. मग वही साहेबांपुढे सरकवली.

"आधी इथं सही करा," ती म्हणाली. "मग बाहेर चला. गेल्या वेळी सगळ्यांसमोर माझं हसं केलंत, आता प्रश्नही सगळ्यांसमोरच विचारा. मला फुकटात पास व्हायचं नाही."

साहेबांनी सही केली आणि तिच्या मागोमाग काउंटरपाशी आले. राग होता की लाज, कोण जाणे, पण प्रश्न त्यांनी शोधून शोधून अवघड काढले. पित्त कुठं तयार होतं आणि कुठं साठतं, इन्सुलिन कोण सोडतं, फुप्फुसातून हृदयाच्या कुठल्या कप्प्यात रक्त येतं. एकवीस प्रश्नांची तिनं सरळ उत्तरं दिली. बाविसावा प्लीहेचा होता.

"हे मला येत नाही," ती म्हणाली, आणि तेही मान वर ठेवूनच म्हणाली. साहेबांनी प्रशिक्षणाची वही मागवली आणि सहाव्या भागापुढे सही केली.